पराभवाची पुस्तकं कशी वाचायची? १९६२ची गोष्ट



मागच्या भागात आपण १९७१च्या युद्धावरच्या पुस्तकांबद्दल बोललो. जिंकलेल्या युद्धाची पुस्तकं वाचायला बरी वाटतात. सेनापतीही खुशीत लिहितात, वाचकही खुशीत वाचतो. त्या भागानंतर इंदूरहून एका काकूंचा निरोप आला. त्यांनी विचारलं, "कर्नलसाहेब, ६२चं काय? त्यावर एकच पुस्तक वाचायचं असेल तर कोणतं वाचू?" असाच प्रश्न बेळगावहून आणि हैदराबादहूनही आला. म्हणून आजचा भाग बासष्टवर.

उत्तर आधीच सांगून टाकतो. एकच पुस्तक वाचू नका. बासष्टवर एकच वाचलंत तर ज्याचं वाचाल त्याच्या बाजूचे होऊन जाल. निदान चार वाचा, आणि तीही एका क्रमानं. तो क्रम कोणता आणि का, ते आज सांगतो.

मी त्या वेळी चार वर्षांचा होतो. आठवण अशी काही नाही. आई सांगायची की तिनं हातातल्या दोन बांगड्या संरक्षण निधीला दिल्या होत्या. पुढे मी फौजेत गेलो, तेव्हा एकदा ती म्हणाली, "त्या वेळी पोरांच्या अंगावर गरम कपडे नव्हते म्हणे. माझ्या बांगड्यांतून आले असतील का रे?" मला उत्तर देता आलं नाही. आजची पुस्तकं मी त्या प्रश्नासाठीच वाचत आलो आहे, असं म्हटलं तरी चालेल.

बेंगळुरूचं नातं

मी राहतो बेंगळुरूत. हे शहर आज कॉम्प्युटरचं म्हणून ओळखलं जातं, पण ते मुळात फौजेचंही आहे. हलसूर तलावाच्या बाजूला मद्रास सॅपर्सचं केंद्र आहे. पॅराशूट रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र इथंच. रेसिडेन्सी रोडला अधिकृत नाव फील्ड मार्शल करिअप्पांचं आहे आणि रिचमंड रोडला जनरल थिमय्यांचं. दोघंही कोडगूचे. थिमय्या तर इथल्या बिशप कॉटन शाळेत शिकले. हे नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळानं लागणार आहे.

चर्च स्ट्रीटवर पुस्तकांची दुकानं आहेत. नवी-जुनी एकत्र, जमिनीपासून छतापर्यंत रचलेली. तिथं काही वर्षांपूर्वी मी 'हिमालयन ब्लंडर' मागितलं, तर गल्ल्यावरच्या मुलानं विचारलं, "सर, इंग्लिश की कन्नड?" मी चकित झालो. दिवंगत पत्रकार रवी बेळगेरे यांनी ते कन्नडमध्ये आणलं आणि इथल्या पुष्कळ तरुणांनी बासष्टचं युद्ध त्या पुस्तकातून ओळखलं. माझ्या इमारतीतला एक मुलगा, ज्याच्या घरात कुणी फौजी नाही, त्यानं नामका चू हे नाव माझ्या आधी उच्चारलं. एका चांगल्या पुस्तकाचं आपल्या भाषेत येणं ही केवढी मोठी गोष्ट असते, ते त्या दिवशी कळलं.

पहिलं पुस्तक: दळवी

तर वाचायला सुरुवात 'हिमालयन ब्लंडर'पासून करा. लेखक ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी. नाव नीट ऐका. आडनाव आपल्याकडचं, जन्म बसऱ्याचा. १९६२च्या ऑक्टोबरात ते ७ इन्फन्ट्री ब्रिगेडचे कमांडर होते आणि ही ब्रिगेड नामका चू नावाच्या नदीकाठी उभी होती.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. आजच्या अरुणाचलचा पश्चिमेकडचा कोपरा, भूतान आणि तिबेट मिळतात तो. उत्तरेला थगला नावाची डोंगररांग. तिच्या दक्षिण पायथ्याशी नामका चू. जून १९६२मध्ये नदीच्या अलीकडे आपली एक चौकी बसली, तिला ढोला चौकी म्हणतात. ८ सप्टेंबरला चिनी सैनिक थगलाच्या उतारावरून खाली आले आणि चौकीभोवती बसले. दिल्लीत ठरलं, त्यांना हाकलायचं. २२ सप्टेंबरला लष्करप्रमुख जनरल थापर यांनी हा हुकूम लेखी मागितला, आणि संरक्षण मंत्रालयातल्या एका सहसचिवाच्या सहीनं तो मिळाला.

आता हुकूम देणं एक आणि पाळणं दुसरं. चिनी वर, आपण खाली. ते डोंगरमाथ्यावर, आपण नदीच्या पात्राशी. नदीवरचे पूल म्हणजे ओंडके. रस्ता मागे कित्येक दिवसांच्या चालीवर. सामान विमानातून टाकायचं, आणि टाकलेलं निम्मंअधिक दरीत जायचं. जवानांच्या अंगावर उन्हाळी कपडे, कमरेला माणशी ५० गोळ्या. उंची दहा हजार फुटांच्या वर, ऑक्टोबरचा महिना.

१० ऑक्टोबरला नदीपलीकडे त्सेंग जोंगला ९ पंजाबच्या छोट्या तुकडीवर चिन्यांनी हल्ला केला. आपले जवान जबरदस्त लढले. पण त्या दिवशी हेही दिसून आलं की चिनी नुसते धमकावायला आलेले नाहीत. तरीसुद्धा ब्रिगेड तिथंच ठेवली गेली. आणखी दहा दिवस. २० ऑक्टोबरला पहाटे तोफांचा मारा सुरू झाला आणि काही तासांत ब्रिगेड मोडली. २ राजपूत आणि १/९ गोरखा या पलटणींना सर्वांत जास्त झळ बसली. राजपूत पलटणीतले अर्ध्याहून अधिक लोक त्या एका सकाळी गेले. दळवी २२ तारखेला पकडले गेले. साडेसहा महिने कैदेत राहून ४ मे १९६३ला ते परत आले. पुस्तक आलं १९६९मध्ये.

दळवी रागानं लिहितात. मंत्री, सचिव, वरिष्ठ सेनापती, गुप्तचर खातं, कुणालाच सोडत नाहीत. पण त्यांचं म्हणणं शेवटी एका माणसावर येऊन थांबत नाही. हे सगळ्या देशाचं अपयश होतं, असं ते सांगतात. हे पुस्तक आधी वाचा म्हणतो, कारण ते नदीकाठावरून लिहिलेलं आहे. दिल्लीची सगळी पुस्तकं वाचताना ती थंडी तुमच्या लक्षात राहिली पाहिजे.

मात्र एक सावधगिरी ठेवा. दळवी स्वतः त्या लढाईतले कमांडर आहेत. हरलेला कमांडर लिहितो तेव्हा स्वतःच्या चुकांना तो जरा कमी जागा देतो. मीही दिली असती.

दुसरं: समोरची बाजू

दळवींनंतर लगेच लेफ्टनंट जनरल ब्रिजमोहन कौल यांचं 'द अनटोल्ड स्टोरी' वाचा. ते १९६७मध्ये, म्हणजे दळवींच्या आधी आलं होतं. ४ ऑक्टोबर १९६२ला नव्या ४ कोअरची सूत्रं घेतलेले हेच कौल. नेहरूंच्या जवळचे, कृष्ण मेननांच्या मर्जीतले. युद्धात तुकडीचं नेतृत्व करण्याचा अनुभव त्यांना जवळजवळ नव्हता, ही त्यांच्यावरची जुनी टीका. हल्ल्याच्या दोनतीन दिवस आधी ते आजारी पडून दिल्लीला गेले आणि काही काळ बिछान्यावरूनच कोअर चालवत होते. फौजेत आजही त्यांचं नाव निघालं की लोक नाक मुरडतात.

तरी वाचा. कारण हा माणूस नामका चूपर्यंत स्वतः गेला होता, ती उंची न झेपता गेला होता. १० तारखेची लढाई त्यानं डोळ्यांनी पाहिली आणि ११ ऑक्टोबरला दिल्लीत नेहरूंच्या समोर बसून सांगितली. त्या बैठकीत नेमकं कोण काय म्हणालं? इथं खरी गंमत सुरू होते. कौलांचं पुस्तक आहे. गुप्तचर विभागाचे प्रमुख भोलानाथ मलिक यांचं 'द चायनीज बिट्रेयल' १९७१मध्ये आलं. लष्करी कारवाई विभागाचे तेव्हाचे प्रमुख डी. के. पालित यांचं 'वॉर इन हाय हिमालया' १९९१मध्ये. मलिक आणि पालित हे दोघेही तेव्हा दिल्लीतल्या निर्णयवर्तुळातले. पण तिन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहा, तपशील जुळत नाहीत. ब्रिगेड मागे घ्यावी असं कुणी सुचवलं, कुणी अडवलं, 'जागेवर राहा' हे कुणाच्या तोंडून आलं, प्रत्येकाची आठवण वेगळी. आणि योगायोगानं प्रत्येकाची आठवण स्वतःला सोयीची.

पोलीस तपासात साक्षीदारांना वेगवेगळं बसवून विचारतात ना, तसं या पुस्तकांना विचारायचं. जिथं सगळे एकच सांगतात ते बहुधा खरं. जिथं फाटा फुटतो तिथं थांबून बघायचं, कुणाला काय लपवायचं आहे.

तिसरं: परदेशी वार्ताहर

नेव्हिल मॅक्सवेल हे लंडनच्या 'टाइम्स'चे दिल्लीतले वार्ताहर. त्यांचं 'इंडियाज चायना वॉर' १९७०मध्ये आलं आणि आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. त्यांचा सूर असा की युद्ध भारतानं ओढवून घेतलं. २ नोव्हेंबर १९६१च्या बैठकीत ठरलेलं 'फॉरवर्ड पॉलिसी'चं धोरण, म्हणजे चिनी दावा असलेल्या भागात पुढे पुढे छोट्या चौक्या बसवत जाणं, हे त्यांच्या मते युद्धाचं मूळ.

मॅक्सवेल वाचताना आपलं रक्त तापतं. माझंही तापलं होतं. तिबेटमध्ये चीननं काय केलं, १९५९मध्ये दलाई लामा भारतात आल्यावर पेकिंगमध्ये काय शिजत होतं, अक्साई चीनमधून न सांगता रस्ता कसा काढला गेला, याला ते फार कमी वजन देतात. अलीकडे बर्टिल लिंटनर यांनी २०१८मध्ये 'चायनाज इंडिया वॉर' लिहून नेमकी उलटी बाजू मांडली. नावच बघा, उलटं केलं आहे. श्रीनाथ राघवन यांनी 'वॉर अँड पीस इन मॉडर्न इंडिया' या २०१०च्या पुस्तकात नेहरूंचे निर्णय त्या वेळच्या कागदपत्रांवरून तपासले. राघवन स्वतः आधी फौजेत अधिकारी होते, म्हणून मला ते जवळचे वाटतात. कृष्ण मेनन म्हणजे नुसता खलनायक, अशी कुणाची समजूत असेल तर जयराम रमेश यांचं २०१९चं मेननचरित्र वाचा. माणूस पुष्कळ गुंतागुंतीचा होता.

पण मॅक्सवेल फेकून देऊ नका. त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी आपल्या संसदेकडेही नव्हती. तिच्याकडे येतो. आधी आपल्या माणसाकडे जाऊ.

चौथं: कोल्हापूरकडचे थोरात

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. फौजेत त्यांना एस. पी. पी. थोरात म्हणत. मूळचे कोल्हापूरकडचे, सँडहर्स्टला शिकलेले. १९४५च्या जानेवारीत ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर कांगॉची लढाई झाली. तिथल्या ५१ ब्रिगेडमध्ये तीन पलटणी होत्या, आणि तिन्हींचे कमांडर भारतीय: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं. पुढे कोरियात १९५३-५४मध्ये युद्धकैद्यांचा जो अवघड प्रश्न भारतानं हाताळला, त्यात आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि तिथल्या भारतीय फौजेचे कमांडर थोरात.

१९५७मध्ये थोरात पूर्व विभागाचे लष्करप्रमुख झाले. तेव्हा मुख्यालय लखनौला होतं. ऑक्टोबर १९५९मध्ये त्यांनी एक टिपण लिहिलं. चीन ईशान्येला उतरला तर काय होईल, कुठून येईल, आपण त्याला कुठं अडवायचं. त्यांचं म्हणणं साधं होतं. सीमेवरच्या चौक्या फक्त सूचना देण्यासाठी ठेवा, तिथं लढाई करू नका. लढाई मागे करा, बोमडिलासारख्या ठिकाणी, जिथं आपला रस्ता जवळ आणि शत्रूची रसद लांब. मार्च १९६०मध्ये लखनौला त्यांनी यावर मोठा युद्धसराव घेतला. त्याचं नाव 'लाल किल्ला'.

टिपण थिमय्यांनी मान्य करून संरक्षणमंत्री मेननांपुढे ठेवलं. तिथं ते घबराट पसरवणारं ठरलं आणि पडून राहिलं. मे १९६१मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांच्या मनात पुढचे प्रमुख म्हणून थोरात होते, पण नेमणूक थापर यांची झाली, आणि थोरातही त्याच सुमाराला निवृत्त झाले. पूर्व विभागात त्यांच्या जागी कोण आलं? एल. पी. सेन. कांगॉचा तिसरा. म्हणजे ज्यानं योजना केली तो घरी, ज्यानं ती मान्य केली तो घरी, आणि त्यांचाच जुना सहकारी त्या खुर्चीत बसून बरोबर उलटे हुकूम खाली पाठवतोय. नियतीची थट्टा दुसरी काय असते?

थोरातांनी हे सगळं 'फ्रॉम रेव्हली टु रिट्रीट' या १९८६च्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. पडझड झाल्यावर नेहरूंनी त्यांना बोलावलं, तेव्हा थोरातांनी त्या टिपणाचा विषय काढला. थोरात सांगतात की नेहरूंनी ते पाहिलंच नव्हतं, आणि हे मला का दाखवलं नाही, असं त्यांनी विचारलं. अर्थात ही एका बाजूची साक्ष, हेही विसरू नका. पण टिपण होतं, सराव झाला होता, यावर वाद नाही.

एक गाळलेला परिच्छेद

आता हेंडरसन ब्रुक्स अहवाल. २१ नोव्हेंबर १९६२ला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि त्याच दिवशी आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्या घराघरांत म्हटलं जातं. त्यांच्या त्या काळावर त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांचं 'डिबॅकल टु रिव्हायव्हल' हे पुस्तक आहे. आल्याआल्या जी कामं झाली त्यांत एक होतं चौकशी. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांना ती दिली. हे भगत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले पहिले भारतीय अधिकारी, बॉम्बे सॅपर्सबरोबर लढलेले. चौकशीची कक्षा मर्यादित होती: प्रशिक्षण, साहित्य, हुकमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, कमांडरांची कुवत. अहवाल १९६३मध्ये आला. २ सप्टेंबर १९६३ला चव्हाणांनी लोकसभेत त्याचा गोषवारा सांगितला, पण अहवाल पटलावर ठेवला नाही. सुरक्षितता आणि फौजेचं मनोबल, ही कारणं दिली.

त्या वेळी ते बरोबर होतं, असं मला वाटतं. चीन दारात, फौज जखमी, पाकिस्तान टपलेला. दोन वर्षांत पासष्ट आलंच. पण तेच कारण किती वर्षं चालणार? एप्रिल २०१०मध्येही संसदेत उत्तर मिळालं की अहवाल अतिसंवेदनशील आहे आणि आजही उपयोगाचा आहे. आणि मग २०१४मध्ये मॅक्सवेल यांनी, वयाच्या उतारावर, आपल्याकडच्या पहिल्या खंडाचा मोठा भाग काही पानं वगळून इंटरनेटवर टाकला. १९७०च्या त्यांच्या पुस्तकामागे काय होतं, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. भारताच्या फौजेचा अहवाल भारतीयांनी वाचायचा तो एका परक्या वार्ताहराच्या कृपेनं!

मी तो दोन रात्रींत वाचला. सगळ्यात जास्त काय लागलं, सांगतो. २ नोव्हेंबर १९६१च्या बैठकीत पुढे चौक्या बसवायचं ठरलं, पण त्याच निर्णयात एक परिच्छेद असाही होता की या चौक्यांच्या मागे, रसद पोचेल अशा सोयीच्या जागी, मोठी फौज ठेवावी, म्हणजे काही झालं तर तिला वेळेवर धावून जाता येईल. डिसेंबरमध्ये लष्कराच्या मुख्यालयातून खालच्या विभागांना हुकूम गेला. त्यात चौक्या बसवायचं होतं. मागच्या फौजेचा परिच्छेद नव्हता. गाळला गेला.

हे वाचून मी पुस्तक, म्हणजे कॉम्प्युटर, बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कारण मला माझं एक वाक्य आठवलं.

मी कॅप्टन होतो. कुठल्या भागात, कुठली पलटण, ते सोडा. हिवाळ्यातला सराव होता. माझी तुकडी एका नाल्यात अडकली, दोन वायरलेस सेट थंडीनं बंद पडले, आणि आम्ही ठरलेल्या जागी सहा तास उशिरा पोचलो. मी अहवालात तसं लिहिलं. हा मार्ग डिसेंबरनंतर वापरू नये, असंही लिहिलं. माझ्या वरिष्ठांनी तो वाचला, लाल पेन्सिल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "सराव उत्तम झाला आहे. हे वाक्य कशाला ठेवतोस?" त्यांनी खोडलं नाही. मी खोडलं. माझ्या हातानं.

पुढच्या हिवाळ्यात दुसरी तुकडी त्याच नाल्यातून गेली. रात्रभर अडकली. कुणाचा जीव गेला नाही, पण एका जवानाच्या उजव्या पायाची दोन बोटं फ्रॉस्टबाइटनं काढावी लागली. मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो. तो मला 'साब, आप क्यों तकलीफ किए' म्हणाला. मी गाळलेल्या वाक्याबद्दल त्याला काही सांगितलं नाही. आजवर कुणालाच नव्हतं सांगितलं.

म्हणून दिल्लीत बसलेल्या त्या अधिकाऱ्यांना मी आता पूर्वीसारखा सहज शिव्या देत नाही. बासष्टचा पराभव काही दुष्ट माणसांनी घडवला, असं मानलं की आपण सुटतो. थोरातांचं टिपण फाइलमध्ये पडून राहिलं, तो परिच्छेद हुकमातून गळला, नदीकाठावरून 'इथं टिकता येणार नाही' असं वर गेलं आणि वर जाताजाता त्याचा सूर मवाळ होत गेला. प्रत्येक पायरीवर कुणीतरी लाल पेन्सिल सरकवली, आणि कुणीतरी ती उचलली.

कागद उघडावेत का?

काही जुने सहकारी मला म्हणतात, "जाऊ दे ना, साठ वर्षं झाली. आता उकरून काय मिळणार?" त्यांचा मुद्दा अगदीच वावगा नाही. सीमेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०२०मध्ये गलवानला आपले २० जवान गेले. आपल्याच कागदातलं वाक्य समोरचा आपल्याविरुद्ध वापरेल, ही भीती खरी आहे.

पण माझं मत वेगळं आहे, आणि त्याला एक दाखला आहे. १९९९ला कारगिल झालं. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अहवाल काही महिन्यांत आला, २०००मध्ये संसदेत ठेवला गेला, संवेदनशील भाग झाकून पुस्तकरूपानं छापलाही गेला. आकाश कोसळलं नाही. उलट त्यातून सुधारणांची मोठी यादी निघाली. जून २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयानं धोरणही जाहीर केलं की युद्धाचा इतिहास पाच वर्षांत लिहून व्हावा आणि कागद साधारणपणे २५ वर्षांनी खुले व्हावेत. जुन्या युद्धांच्या बाबतीत मात्र प्रत्येक प्रकरण वेगळं तपासायचं, असं त्यात आहे. मंत्रालयाच्या इतिहास विभागानं बासष्टचा अधिकृत इतिहास १९९२मध्येच तयार केला होता. लेखक पी. बी. सिन्हा आणि आपले पुण्याचे कर्नल अनिल आठल्ये. तोसुद्धा रीतसर प्रकाशित न होता इंटरनेटवर फिरत राहिला.

कागद बंद राहिले की अफवा वाढतात. मग 'विमानदल वापरलं असतं तर', 'अमुक नसता तर', अशी जर-तरची भांडणं चहाच्या टपरीवर चालतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा इतिहास खरा ठरतो. मनोबलाचं म्हणाल, तर जवानाचं मनोबल सत्यानं खचत नाही. १८ नोव्हेंबर १९६२ला लडाखमध्ये रेझांग ला इथं मेजर शैतानसिंग आणि १३ कुमाऊंची चार्ली कंपनी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. त्याच युद्धात, तशाच थंडीत. जवान कुठं कमी पडले, हा प्रश्न बासष्टच्या कुठल्याच पुस्तकात मला सापडलेला नाही.

आपल्या भाषेत

मराठीत काय वाचावं? मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं 'न सांगण्याजोगी गोष्ट' हे राजहंसनं काढलेलं पुस्तक आधी घ्या. शीर्षक कौलांच्या पुस्तकाची आठवण करून देतं, पण लेखक कुणाची वकिली करत नाही. नकाशे समोर ठेवून सगळी लढाई समजावून देतो. ज्यांना इंग्रजीचा कंटाळा आहे त्यांनी इथूनच सुरुवात केली तरी हरकत नाही. दुसरं श्याम चव्हाण यांचं 'वालाँग: एका युद्धकैद्याची बखर'. वालाँग म्हणजे अरुणाचलचं पूर्व टोक. युद्धकैदी झालेला मराठी अधिकारी काय भोगतो, ते आपल्या भाषेत वाचायला मिळतं.

तर इंदूरच्या काकू, क्रम असा. पित्रे किंवा दळवी, मग कौल, मग थोरात, मग राघवन. मॅक्सवेल आणि लिंटनर एकाच आठवड्यात, म्हणजे एकाचा ताप दुसऱ्यानं उतरेल. वाचताना वहीत दोन रकाने करा. एकात 'कोण सांगतंय', दुसऱ्यात 'त्याला कसं कळलं'. एवढं केलंत तरी पुष्कळ आहे.

शेवटी एक जागा सांगतो. बेंगळुरूला आलात तर नेहरू तारांगणाजवळ राष्ट्रीय सैनिक स्मारक आहे. तिथं एक प्रचंड मोठा वीरगळ उभा केला आहे. आपल्या गावांच्या वेशीवर असतो तसाच, एका दगडातला. भोवती स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या जवानांची नावं कोरलेली आहेत. बासष्टमध्ये सरकारी आकड्यांप्रमाणे आपले १३८३ जण मारले गेले, १६९६ बेपत्ता झाले आणि ३९६८ कैद झाले. बेपत्ता म्हणजे ज्यांच्या घरी कुणी नक्की सांगू शकलं नाही.

मी तिथं अधूनमधून सकाळी फिरायला जातो. १९६२च्या नावांपाशी थांबतो. आईच्या बांगड्यांचं उत्तर मला अजूनही ठाऊक नाही. पण वाचत राहिलो तर निदान विचारायचं कुणाला, ते कळेल.

पुढच्या भागात हाजी पीर. पासष्टची गोष्ट. तोवर नमस्कार, जय हिंद.